दांडी आणायची की मेमरी

वहिनी,

तुझ्या माहेरची माणसं काल कशेळ्याला परत गेली. भांडी घासून झाली, सतरंज्या घड्या करून ठेवल्या, आणि घर एकदम ओकंबोकं झालं. या तेरा दिवसांत जो आला तो तुझ्याविषयी बोलला. कुणी तुझ्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्यांविषयी, कुणी लावणीच्या वेळी तुझा हात कसा चालायचा त्याविषयी, कुणी दादा जहाजावर असताना तू हे घर एकटीनं कसं रेटलंस त्याविषयी. सगळं खरंच होतं. पण ही बाई एके काळी शटरच्या टीव्हीसमोर मांडी ठोकून कॉम्प्युटरवर खेळ खेळायची, आणि तो कॉम्प्युटर जुना झाला तेव्हा त्याला नवं काय आणायचं यावरून दिराशी कडाकडा भांडली होती, हे त्यांतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. म्हटलं, हे तुझ्याशीच बोलावं.

तू मला शेवटपर्यंत ‘भावजी, तुमी’ म्हणालीस आणि मी तुला पहिल्या दिवसापासून ‘तू’. हळद उतरायच्या आत तुझ्याकडे पाणी मागितलं तेही ‘वहिनी, दे गं’ असंच. तू चार वर्षांनी मोठी होतीस, पण ते मला कधी जाणवलं नाही. जाणवलं ते त्या एका वर्षात, तुझं बाळ गेलं तेव्हा.

तुला सातवा होता. तुझे वडील आजारी म्हणून निरोप आला. आय म्हणाली, जाऊ नको. तू गेलीस, जीपनं गेलीस आणि जीपनंच परत आलीस. त्यानंतर काही दिवसांनी पोटात दुखायला लागलं आणि कर्जतच्या दवाखान्यातून आपण रिकाम्या हातानं घरी आलो. डॉक्टरनं समजावून सांगितलं होतं की प्रवासाचा याच्याशी काही संबंध नाही, बाळ आधीपासूनच कमजोर होतं. पण उंबऱ्यात आय बोलली, “सांगतलं व्हतं, जाऊ नको.” एवढंच. आवाज चढवून नाही, रडत रडत बोलली. तू ऐकलंस, आत गेलीस आणि त्या दिवसापासून तुम्हा दोघींमध्ये फक्त भात, मीठ आणि पाणी याविषयीच बोलणं उरलं. ती तुला ‘मंदे’ म्हणून हाक मारायची, तीही बंद झाली. “वाढ” म्हणायची. “झालं” म्हणायची.

दादा त्या वेळी समुद्रावर होता. तो आला तेव्हा सगळं होऊन बरेच महिने झाले होते. तुझ्यासाठी काय आणावं हे त्याला कळलं नसणार. साडी आणून काय होणार होतं? जहाजावरचा एक साहेब नोकरी सोडून चालला होता, त्याच्याकडून दादानं तो कॉम्प्युटरचा डबा घेतला. काळा, वहीएवढा, त्याला रबराची बटणं. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची. मग टेप असा काही किंचाळायचा की आय माजघरातून ओरडायची, “काय रं त्यो, बेडूक धरलाय काय सापानं?” बराच वेळ किंचाळून झाल्यावर पडद्यावर खेळ यायचा. कधी यायचाच नाही. मग कॅसेट मागे फिरवायची आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

“सुरेशला शिकायला होईल,” असं दादा बोलला. पण डबा त्यानं ठेवला तो तुझ्यासमोर. सुट्टी संपली आणि तो गेला.

तू आधी हात लावत नव्हतीस. मी कर्जतच्या कॉलेजातून यायचो आणि खेळत बसायचो, तू दाराशी उभी राहून पाहायचीस. एक खेळ होता, त्यात एक छोटा माणूस गुहांमधून उड्या मारत चमकणारे खडे गोळा करायचा. तू विचारलंस, “ह्याचं नाव काय?” मी म्हटलं, नाव काही दिलेलं नाही. “नाव नाय तर कसं? नाम्या म्हणा.” आणि दुसऱ्या दिवशी मी आलो तर तू बसलेली. नाम्या खड्ड्यात पडला, पुन्हा उभा राहिला. पुन्हा पडला. तू पदर खोचलास आणि जीभ दातात धरून बटणं दाबत राहिलीस. तिसऱ्यांदा पडला तेव्हा खेळ संपला.

“भावजी, ह्याला तीन तीन जीव दिलेत,” तू म्हणालीस.

मी म्हटलं, “सगळ्या खेळांत देतात.”

तू कॅसेट मागे फिरवलीस आणि पुन्हा लावायला सांगितलंस.

महिन्याभरात तू माझ्या पुढे गेलीस. मला घाई असायची, तू थांबून बघायचीस, वरून येणारा दगड किती वेळानं येतो, वटवाघूळ कुठून वळतं. मी विचारायचो, कसं जमतं, तर म्हणायचीस, “बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चालून बघा, मग कळंल.” एकदा नाम्या पाचव्या गुहेत पोचला आणि तू टाळी वाजवून हसलीस. मी टीव्हीकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघत राहिलो. त्या घरात हसण्याचा आवाज मी जवळजवळ विसरलो होतो.

मग डबा थकायला लागला. तो आधीच वापरून जुना झालेला होता, त्यात आपण दोघं त्याच्यावर बसलेलो. उडीचं बटण पहिलं गेलं. तू ते अंगठ्यानं असं दाबायचीस की जणू नाम्याला खालून ढकलतेयस. मी डबा उघडला, बटणांखालची पातळ पट्टी टोकाला चिरली होती, तेवढं टोक कापून ती पुन्हा खोचली. चाललं, पण किती दिवस चालणार? टेपरेकॉर्डरचं हेडही सरकायचं. मग मी बारीक स्क्रू ड्रायव्हरनं त्याचा स्क्रू इकडे तिकडे फिरवायचो आणि तू कान लावून सांगायचीस, “आता बारीक आला आवाज. थांबा. तिथंच ठेवा.”

अशातच खालापूरचा दादाचा एक जोडीदार सुट्टीवरून जहाजावर परत जायच्या आधी भेटायला आला. त्यानं दादाचा निरोप आणला. जहाज सिंगापूरला लागणार होतं, तिथे या डब्याचे भाग मिळतात. पण दुसऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून पाठवायचं होतं, म्हणून एकच वस्तू. दादा रविवारी सकाळी नाक्यावरच्या किराणा दुकानात फोन करणार होता. तोवर आपण ठरवून ठेवायचं.

मला ठरवण्यासारखं काही वाटलंच नाही. मेमरी. डब्याच्या मागे एक खाच होती, तिच्यात मेमरीची डबी बसवली की त्याची ताकद तिप्पट होणार होती. त्या साहेबानं दिलेल्या कॅसेटींमध्ये एक मोठा किल्ल्याचा खेळ होता, तो आपल्या डब्यात मावायचाच नाही. आणि खेळाचं जाऊ दे, मी एका पुस्तकातून प्रोग्रॅम टाइप करायचो, तास तास खपून, आणि शेवटच्या पानाशी आलो की जागा संपली म्हणून पडद्यावर यायचं. कॉलेजात कुणी कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता. मला वाटायचं, हे नीट शिकलो तर आपलं आयुष्यच बदलेल.

तू आधी म्हणालीस, नवी बटणं आणू. ते मला पटण्यासारखं होतं, बटणं गेली तर मेमरी काय कामाची? त्यावर आपण दोन दिवस बोललो. मी तुला पट्टीचं टोक दाखवलं, म्हटलं, आणखी दोनदा कापता येईल, तोवर काही तरी होईल. तू मानलंस. मला वाटलं, झालं. तर दुसऱ्या दिवशी चुलीशी बसल्या बसल्या तू म्हणालीस, “भावजी, ती दांडी मागवूया.”

दांडी म्हणजे जॉयस्टिक. खेळांच्या खोक्यांवर तिचं चित्र असायचं. मुठीत धरायची, जिकडे वाकवावी तिकडे नाम्या जाणार, वरचं लाल बटण दाबलं की उडी.

“दांडीनं काय होणार?” मी म्हटलं. “एक नवा खेळ चालणार नाही की काही नाही. बरं, तीही मागच्या त्याच खाचेत बसते. दांडी लावली की मेमरीला जागाच नाही.”

“नसूं दे.”

“तुला बटणांनी खेळता येतं की! माझ्यापेक्षा चांगलं येतं.”

“येतं.”

“मग कशाला?”

“मला वाटते म्हणून,” तू म्हणालीस आणि भाकरी उलटली.

इतका राग आला मला! तू कधी हट्ट करणारी नव्हतीस. तुला काही हवं असेल तर कारण सांगायचीस, आणि नको असेल तरी सांगायचीस. या वेळी नुसतं ‘मला वाटते’. मी बडबडलो, ताटावरून उठलो, तुला म्हटलं की खेळच खेळायचा असेल तर लगोरी खेळ. तूही कमी नव्हतीस. “तुमचा किल्ला तुमच्यापाशी ठेवा” म्हणालीस. रविवार जवळ येत होता आणि आपण एकमेकांशी बोलत नव्हतो. म्हणजे आता घरात तिघं माणसं आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

मग शुक्रवारी कॉलेज लवकर सुटलं. मी मागच्या दारानं आलो, चपला काढल्या आणि माजघरात थांबलो. तू खेळत होतीस. आय तुझ्या मागे, भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसली होती. पण सूप मांडीवर तसंच होतं आणि तिचे डोळे पडद्यावर.

“उजवीकडं,” ती बोलली.

तू मागे वळली नाहीस. नाम्याला उजवीकडे नेलंस.

“आता थांब. येऊं दे त्याला. आता जा! जा गं, जा!”

नाम्या पार झाला. तू सरकून बसलीस, शेजारी जागा केलीस आणि डबा तिच्याकडे सरकवलास. आयनं सूप खाली ठेवलं. तिनं बोट पुढे केलं. आयची बोटं तुला आठवतात ना? सांध्यांवर सुजलेली, वाकडी, एकावर एक चढलेली. सकाळी पाण्याचा तांब्या उचलतानाही कण्हायची. त्या बारक्या रबरी बटणांवर एका वेळी तिची दोन दोन बोटं पडत होती. नाम्या जागच्या जागी थडथडला आणि खड्ड्यात गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला. आयनं हात मागे घेतला, पदराखाली ठेवला.

“आमची बोटं कामाची नाय उरली,” म्हणाली आणि सूप उचलून उठून गेली.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. मी आलो तसाच मागच्या दारानं बाहेर गेलो आणि पुढच्या दारानं, चपला वाजवत आत आलो. तू ‘चहा टाकू?’ एवढंच विचारलंस.

रविवारी आपण दोघं खोपोलीच्या शिळफाटा नाक्यावर गेलो. समोर घाटात चढायच्या आधी ट्रक उभे, त्यांची घरघर, दुकानात गिऱ्हाईक. फोन वाजला तेव्हा दुकानदारानं तुझ्याकडे दिला. तू पदर डोक्यावर घेतलास, जणू दादा समोरच उभा आहे. जेवता का, झोप लागते का, खोकला गेला का, हे सगळं ओरडून विचारलंस. सगळं दुकान ऐकत होतं. मग माझ्याकडे पाहिलंस आणि फोनमध्ये म्हणालीस,

“मेमरी पाठवा. भावजींना शिकायला लागते.”

मी तुझ्या हातातून फोन ओढला. “दादा, दांडी! दांडी पाठव! मेमरी नको!”

“अवो, काय करताय!” तू फोन धरलास. “मेमरी! ऐकलंत का, मेमरी!”

“दांडी!”

“अरे नक्की काय ते एक सांगा की!” दादाचा आवाज आला आणि लाइन तुटली.

पुन्हा वाजेल म्हणून आपण दुपारपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसलो. नाही वाजला. येताना रस्त्यात तू विचारलंस, “दांडी कशाला बोललात?” मी म्हटलं, “मला वाटते म्हणून.” तू माझ्याकडे बघितलंस आणि तुला हसू फुटलं. मलाही. शिळफाट्याच्या भर रस्त्यात दीर-भावजय पोट धरून हसतायत, येणारी-जाणारी माणसं वळून बघत होती.

दादानं काय ऐकलं आणि काय ठरवलं, पार्सल येईपर्यंत कळायला मार्ग नव्हता. जोडीदाराचा भाऊ ते घेऊन आला. तू दोरा सोडवलास. आत दांडी होती. काळी, जाड, वर लाल बटण. पुढे दादाला विचारलं तर म्हणाला, मला तर दोघांचं नुसतं भांडणच ऐकू आलं, दुकानात जे समोर दिसलं ते घेतलं.

मला वाटलं होतं, तू लगेच ती आयच्या हातात देशील. नाही दिलीस. तुला माणसं माझ्यापेक्षा कळायची. दोन दिवस तू स्वतःच खेळलीस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऐन खेळात, नाम्या दगडाखाली उभा असताना तू म्हणालीस, “आय, चुलीवर तवा ठेवलाय मी. जरा ह्याला धरा, नायतर पडंल.” आणि तिच्या मुठीत दांडी देऊन चालू लागलीस. चूल पेटलेलीसुद्धा नव्हती. मी पाहिलं होतं.

आयनं दोन्ही हातांनी दांडी धरली, भात कांडताना मुसळ धरावं तशी. नाम्या डावीकडे गेला, उजवीकडे आला, एक उडी मारली. स्वयंपाकघरात तू नुसतीच परात वाजवत होतीस. मग दगड सुटला आणि आय घाबरून ओरडली,

“मंदे! ये गं, पडतोय!”

ती हाक ऐकून तू दारात आलीस, पण पुढे आली नाहीस. चौकट धरून उभी राहिलीस. नाम्या पडला. “पडू द्या, आय,” तू म्हणालीस, “उठतोय तो परत.”

त्यानंतर दुपारी दोघी बसायला लागलात. आय दांडी चालवायची, तू बाजूनं सांगायचीस. शेजारच्या बायका यायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. आयला त्याचं काही नव्हतं. आणि मग तो दिवस. मी टेपचा स्क्रू फिरवत खाली मान घालून बसलो होतो. पडद्यावर खेळ सुरू होऊन उभा होता, आयनं दांडी हलवलीच नाही.

“मंदे,” ती म्हणाली, “पोर माझंपन व्हतं गं.”

तिनं दांडी मांडीवर ठेवली.

“मी बोलले ते रागानं नाय बोलले. मला काय सुचंना. कुनावर तरी टाकाया पायजे व्हतं, तुझ्यावर टाकलं.”

“ठावं हाय, आय,” तू म्हणालीस. आणि मग तुम्ही दोघी ज्या रडलात त्याला मी शब्द देणार नाही. मी टेप तसाच सोडून अंगणात आलो. बराच वेळ उभा राहिलो. आत गेलो तेव्हा तू आयच्या बोटांना तेल चोळत होतीस.

पुढच्या वर्षी तुझी सुषमा झाली. आयनं तिला दांडी हातात देऊन बसवलं होतं, दात यायच्या आधी. त्या पावसाळ्यात ओल धरून डबा एकदाचा बंद पडला. मी पुष्कळ खटपट केली, काही उपयोग झाला नाही. कॉलेज संपलं, मी खोपोलीच्या कागद कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

आणि आपलं भांडण पुन्हा सुरू झालं, उलट्या बाजूनं. टीव्हीवर कुणी कॉम्प्युटरवाला मोठा माणूस दिसला की तू म्हणायचीस, “भावजी, मेमरी आणायला पायजे होती. माझ्यापायी तुमचं राहिलं.” मी म्हणायचो, दांडीच बरोबर होती. तू मानायची नाहीस. गेल्या महिन्यात तुझा नातू खाटेशेजारी बसून मित्राशी फोनवर बोलत होता, त्याच्या खेळाच्या कॉम्प्युटरला नवं कार्ड टाकू की मेमरी वाढवू. तुला धाप लागलेली, तरी उशीवरून मान उचलून म्हणालीस, “मेमरी वाढव रं बाबा, मेमरी!” आणि माझ्याकडे बघितलंस. पोराला काही कळलं नाही. मी हसलो, म्हटलं, उद्या बोलू याच्यावर. दुसऱ्या दिवशी तुला बोलवत नव्हतं.

म्हणून आता सांगतो, जे इतकी वर्षं सांगितलं नाही. मी फोनवर दांडी म्हणालो ते आयची बोटं पाहिली म्हणून, हे तुला कधी तरी कळलंच असणार. पण तेवढंच नव्हतं. त्या वर्षी मी घर सोडणार होतो. अंबरनाथला एका मित्राची खोली होती, त्याला हो म्हणून झालं होतं, पत्र्याच्या पेटीत कपडे भरून ठेवले होते. तुम्ही दोघी एका घरात राहून एकमेकींना हाक मारत नव्हता, ताटावर फक्त भांड्यांचा आवाज, आणि मला ते सोसत नव्हतं. त्या शुक्रवारी माजघरात उभं राहून मी या घरात पुष्कळ दिवसांनी तुझ्यासाठी आयच्या तोंडून चार शब्द ऐकले, आणि मला वाटलं, आणखी थोडं थांबून बघावं.

मेमरी आली असती ना वहिनी, तर मी तो डबा उचलून अंबरनाथला गेलो असतो, आणि कदाचित शिकलोही असतो. पण दांडी आली, आणि मी पेटीतले कपडे काढून पुन्हा खुंटीला लावले. माझं लग्न इथे झालं, पोरं इथे वाढली, सणावाराला तुझ्या हातचं जेवलो, सुषमाला खांद्यावर घेऊन नाक्यापर्यंत फिरवलं. माझं काही राहिलं नाही गं.